घननीळ, घरात घन्या

पालमकडं पोराच्या नावाचा शोध बहुतेक घरांत पंचांगापासून सुरू होतो. शेजारच्या घरी नातू झाला तेव्हा पंचांग बघणाऱ्या महाराजांनी जन्मवेळ विचारली, अवकहडा चक्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आर्द्रा, दुसरा चरण. घ."

27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. आर्द्रेच्या वाट्याला कु, घ, ङ आणि छ येतात. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्याचं नाव ङ वरून कसं ठेवणार? त्यावर शास्त्रानंच तोड काढली आहे: ङ, ञ, ण यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड धरावेत. इथं ती वेळ आली नाही. घ तसा सोपा, पण नावं थोडी. घनश्याम मामाच्या घरात आधीच होता.

बाळाच्या आईला गावात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव हवं होतं. त्यामागं कारण होतं. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात, म्हणून जुन्या पिढीत गंगाधर आणि गंगाराम भरपूर. त्यांच्या जोडीला मारोती, मुंजाजी, ज्ञानोबा. पारावर हाक मारली की दोघं-तिघं मागं वळायचे. लेकरं जगत नसत त्या घरांत दगडू, धोंडिबा अशी नावं ठेवत, दृष्ट लागू नये म्हणून. 1956च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, मिलिंद, राहुल आले. तेव्हा तीही नवीच होती, आणि जुनी ओळख सोडल्याचं ती नावं हाकेसरशी सांगत.

अक्षर पंचांगातून निघालं तरी नावाचा शोध आता मोबाइलवर होतो. तिथून घ सोडून रेयांश, विहान अशीच यादी निघाली. आजीनं एकेक नाव तोंडात घोळवून पाहिलं. "धुऱ्यावरून हाक मारून बघा आधी," ती म्हणाली. परीक्षा कडक होती. वाऱ्यावर लांब जाईल, मध्येच तुटणार नाही आणि रागानं अर्धं केलं तरी शिवीसारखं वाटणार नाही, असं नाव तिला पाहिजे होतं. घननीळ हे नाव सुनेनंच काढलं. विरोध होईल या तयारीत ती होती. पण आजीनं ते भजनात आयुष्यभर ऐकलेलं. गावात कुणाचं नसलेलं नाव तिच्या ओठांवर आधीपासून होतं. "घन्या म्हणू की मग," एवढं बोलून तिनं विषय संपवला.

बाराव्या दिवशी पाळणा बांधला. आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला, मग बाळ. आत्यानं वाकून कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि मागून बायकांचे धपाटे तिच्या पाठीत बसले. घुगऱ्या वाटता वाटता "काय ठिवलं?" हा प्रश्न दारापर्यंत गेला आणि दारातून "घननील का?" होऊन परत आला. आत्यानं ळ वर जोर देऊन पुन्हा सांगितलं.

हाच ळ पुढं कागदावर अडला. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तर ते 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. मराठी रकान्यात घननीळ सरळ बसलं. इंग्रजी रकान्यात ळ साठी एल सोडून दुसरं अक्षर नाही. शिवाय एन एक की दोन? एक लिहिला तर वाचणारा घनील म्हणणार. घरच्यांनी दोन एन, दोन ई ठरवले, कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि तोच कागद अर्जासोबत पुढं केला. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे. दाखल्यावर चुकलेलं अक्षर पुढं प्रत्येक कागदावर चुकत जातं.

नेहमीच्या नावाला ही कसरत लागत नाही. गंगाधरचं स्पेलिंग कुणी विचारत नाही. वेगळं नाव ठेवणाऱ्यानं ते जन्मभर सांगायची तयारी ठेवावी, आणि पोर शाळेत जायच्या आत त्यालाही ते सांगायला शिकवावं. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शाळेच्या कागदांवर मुलाच्या नावामागं आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. घननीळच्या बाबतीत ते योग्यच झालं. नाव तिनंच शोधलं होतं.