बेघरांची चिंता आणि एक लहानसें मंडळ

एकत्र कुटुंबांत दहा हात राबतात, तरीहि दारीं आलेला पाहुणा कधीं कधीं उपाशी राहतो. कारण त्याला दुसऱ्या कोणीं विचारलें असेल, असें प्रत्येकास वाटतें. राज्यकारभारांतहि असेंच घडतें. अमेरिकेंतील बेघर मनुष्याचेंच पाहा. त्याच्या निवाऱ्याचा विचार गृहनिर्माण खात्यानें करावयाचा, औषधपाण्याचा आरोग्य खात्यानें, शिध्याचा शेतकी खात्यानें, रोजगाराचा मजूर खात्यानें. तो माजी सैनिक असल्यास त्याचें खातें आणखी निराळें. एक ना धड, भाराभर चिंध्या!

हीं खातीं एका पंक्तीस बसावीं म्हणून १९८७ सालीं स्टुअर्ट मॅकिनी यांच्या नांवच्या कायद्यानें बेघरांविषयींचें एक आंतरखातें मंडळ तेथें स्थापन झालें. पुढें त्यांत १९ खातीं व सरकारी संस्था होत्या. पण त्याचा स्वतःचा नोकरवर्ग मूठभर, आणि वार्षिक खर्च अलीकडे सुमारें ४० लक्ष डॉलर. मंडळ घरें बांधीत नसे, भाडेंहि देत नसे. व्याकरणांतील उभयान्वयी अव्ययाप्रमाणें जोडणें एवढेंच त्याचें कार्य.

त्याचें फळ माजी सैनिकांच्या बाबतींत दिसलें. २०१० सालीं मंडळानें आंखलेल्या राष्ट्रीय योजनेंत पांच वर्षांत एकहि माजी सैनिक बेघर राहूं नये, असा संकल्प होता. घरभाड्याचें साहाय्य गृहनिर्माण खात्याचें, औषधोपचार व देखभाल माजी सैनिकांच्या खात्याची, ही जोडयोजना जुनीच होती. तिला आतां पुरेसें द्रव्य आणि एक दिशा मिळाली. गांवोगांवीं बेघर सैनिकांच्या नांवनिशीवार याद्या झाल्या. जानेवारींतील एका रात्रीच्या गणनेंत २०१० सालीं असे सैनिक सुमारें ७४,००० होते. २०२४ सालीं ३२,८८२ उरले. मुदत टळली खरी, परंतु संख्या निम्म्याहून खालीं आली.

उलट, त्याच २०२४ च्या गणनेंत एकंदर बेघर ७,७१,४८० भरले. ही तोंवरच्या अशा गणनांतील सर्वांत मोठी संख्या होती. घरभाडीं मिळकतीच्या पुढें धांवूं लागलीं आणि स्वस्त घरें अपुरीं पडलीं. कोठारांत धान्यच नसेल, तर वाढपी कितीहि दक्ष असला तरी पंगत तृप्त कशी व्हावी?

मार्च २०२५ मध्यें अध्यक्ष ट्रम्प यांनीं ह्या मंडळाचें कायद्यानें अनिवार्य नसलेलें सर्व काम बंद करण्याची आज्ञा काढली; एप्रिलांत नोकरवर्ग रजेवर गेला. जोडणाऱ्याचें काम डोळ्यांत भरत नाहीं, त्यामुळें काटकसरीची कात्री तेथें लवकर पोंचते. आम्हांस हा हिशेब पटत नाहीं. सैनिकांसाठीं द्रव्य आणि सूत्र दोन्हीं एकत्र आलीं, तेथें कार्य झालें. इतरांसाठीं द्रव्य तोकडें पडलें. अशा वेळीं कोठार भरावें कीं वाढप्यास निरोप द्यावा, हें घर चालविणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस विचारावें.