बीडला रेल्वे आली, मग लॉज टाकावा का?

भाच्याने परवा विचारलं, "मामा, बीड स्टेशनजवळ लॉज टाकू का?" मी पर्यटन व्यवसायाचा नाद असलेला माणूस, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

खोल्या किती चालतील, हे आधी येण्याच्या वाटेवर ठरतं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाची धावपट्टी जेमतेम 1200 मीटर, त्यामुळे तिथे छोटीच विमानं उतरतात. समजा, रोज एक 70 आसनी विमान भरून आलं. एका खोलीत दोघं आणि तीन रात्री मुक्काम धरला, तर 105 खोल्या पुरे! बोटीचे प्रवासी सोडले, तर त्यावरच्या खोल्या रिकाम्याच राहणार.

बीडचं वेगळं आहे. इथे विमानतळ नाही, पण रस्ता सगळ्यांना मोकळा. अडचण मुक्कामाची: कंकालेश्वर, कपिलधार बघून गाडीवाले संध्याकाळी पुढे निघतात.

17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. सुरुवातीच्या वेळापत्रकात गाडी दुपारी पोचून थोड्याच वेळात परत फिरायची. म्हणजे रेल्वेने येऊन बीड बघायचं, तर रात्र इथेच काढावी लागणार. माझ्या मते लॉजवाल्यासाठी हीच खरी संधी.

तरी भाच्याला सांगितलं, पाच-सहा खोल्यांनीच सुरुवात कर. परळी, अंबाजोगाईचा हिशेब वेगळा, तिथे भाविक येतातच.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं सांगतो.