सबज्याचे बी आणि रानातली ओल

अक्कलकोटच्या उन्हाळ्यात घरोघरी सबजा भिजत पडतो. चमचाभर बी, पण थोड्या वेळात वाटी भरून जाते. त्या बियाने पाणी धरले कसे, ते आज पाहू. कारण याच जातीची एक पूड आता रानात घालण्यासाठी विकली जाते, आणि पैसा तुमचा आहे.

सबज्याच्या सालीत साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात. अशा पदार्थाला शास्त्रात बहुवारिक म्हणतात. पाण्याच्या कणाची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. म्हणून तो साखळीला चिकटतो. कापसाच्याही साखळ्याच, पण त्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. त्यामुळे कापूस भिजतो, फुगून लगदा होत नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चपासून वजनाच्या शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ केला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ काढले. यात साखळीवर मुद्दाम ऋणभार बसवलेला असतो. हे भार एकमेकांना दूर ढकलतात, आणि त्यांच्या जोडीचे धन कण आत अडकून पाणी ओढून घेतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ना, तीच ही ओढ. साखळ्यांना मधूनमधून गाठी मारलेल्या असतात, म्हणून जाळे फुगते पण विरघळत नाही.

शुद्ध पाण्यात ही पूड वजनाच्या किमान ३५० पट पाणी धरते, असे संस्था सांगते. ‘शुद्ध’ हा शब्द विसरू नका! ज्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ, तिथे हा आकडा बराच उतरतो; पाण्यातला कॅल्शियम साखळ्यांना जखडून टाकतो. एका पेल्यात पावसाचे साठवलेले पाणी, दुसऱ्यात विहिरीचे घ्या, दोन्हींत चिमूट-चिमूट पूड टाका आणि सकाळी पाहा.

आता हिशेब. एकरी २ किलो पूड म्हणजे एका वेळी फार तर ७०० लिटर पाणी. एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी ४००० लिटर होते! तेव्हा पाण्याची पाळीच वाचेल असे कोणी सांगितले तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. पूड रानभर फेकायची नसते. कोरड्या बारीक मातीत मिसळून पेरणीच्या ओळीत, बियाजवळच पडली पाहिजे. भारी काळी जमीन मुळातच ओल धरते. हलक्या, मुरमाड रानात फरक दिसण्याची आशा अधिक. यंदा तुरीच्या चार ओळींना घाला, शेजारच्या चार तशाच सोडा, आणि रास दोन्हींची वेगळी मोजा.