सुई स्वच्छ, सूर स्वच्छ

रेकॉर्डवर ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू आले, तर सुईचं टोक भिंगातून पाहा. तिथे बहुधा करड्या धुळीचा पुंजका दिसेल.

• आधी : तबकडी थांबवा, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा.

• दिशा : मऊ ब्रश मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड सुईखालून सरकते त्याच दिशेने, फिरवा. उलट किंवा आडवा फिरवल्यास सुईची बारीक दांडी वाकू शकते.

• बोट नको : त्वचेचं तेल टोकाला लागतं, त्यावर धूळ चिकटते.

• द्रव : कार्ट्रिजच्या उत्पादकाने सुचवलेलाच, तोही जेमतेम ब्रश ओलावण्यापुरता. जास्त झाल्यास हिरा चिकटवणारा गोंद सैल होऊ शकतो.

• 78 आरपीएमच्या रेकॉर्ड : द्रवात अल्कोहोल असल्यास त्याने या रेकॉर्डमधली लाख विरघळते, म्हणून सुई पूर्ण वाळल्यावरच टेकवा.