पडद्यावरच्या बंदुकीचे माहेर

युद्धपट रंगात आला की प्रेक्षकांचे डोळे नायकाच्या चेहऱ्यावर खिळतात. त्याच्या हातात काय आहे, इकडे सहसा कुणाचे लक्ष नसते. बंदूक म्हणजे बंदूक! पण त्याच थिएटरात एखादे निवृत्त सुभेदार नातवाला घेऊन आलेले असले, तर त्यांचा चित्रपट निराळाच चालू असतो. ‘अरे, ही एसएलआर. या लढाईत ही नव्हती,’ असे ते पुटपुटतात आणि मागच्या रांगेतून ‘शू!’ ऐकू येते.

सुभेदारसाहेबांना जे दिसते ते कुणालाही दिसू शकते. त्यासाठी फौजेत जावे लागत नाही, चार-पाच खुणा ठाऊक असल्या की पुरे. गंमत म्हणजे हिंदी युद्धपटांतल्या भारतीय जवानांच्या हाती दिसणाऱ्या मुख्य रायफलींचा माग काढत गेले, तर वाट एकाच गावाशी पोहोचते. ते गाव कोलकात्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. नाव ईशापूर. बंगाली माणूस इछापूर म्हणतो.

सियालदाहहून उत्तरेकडे निघालेली लोकल वाटेत दमदमला थांबते. आज दमदम म्हटले की विमानतळ आठवतो, पण १८५७ च्या जानेवारीत चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबुज प्रथम उठली ती इथल्याच छावणीत. पुढे याच दमदमच्या काडतूस कारखान्यात शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी तयार झाली. ती इतकी क्रूर ठरली की १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी आली. ‘दमदम बुलेट’ हे नाव मात्र जगभर राहिले. नंतर येते बराकपूर. तिथे २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी बंड पुकारले. बराकपूरनंतर पलता आणि मग इछापूर. हुगळीच्या काठी इंग्रजांनी १७८७ च्या सुमारास इथे बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला. त्याच जागेवर १९०४ मध्ये उभी राहिली ईशापूर रायफल फॅक्टरी.

बोल्ट ओढला की नाही?

पहिली ओळखायची ती थ्री-नॉट-थ्री. ली-एनफिल्ड हे तिचे इंग्रजी घराणे. पिढ्यान् पिढ्या पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली हीच ती रायफल. हिचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जाते आणि तिथे धातूचे बोथट टोपण असते, त्यामुळे नाक चपटे दिसते. उजव्या बाजूला बोल्टची मूठ असते. एक गोळी झाडली की ही मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. तेव्हा कुठे दुसरी गोळी तयार! मॅगझीनमध्ये दहा गोळ्या मावतात. कसलेला जवान मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडू शकतो, पण कसलेलाच.

इथे दिग्दर्शकाची परीक्षा होते. पडद्यावरच्या शिपायाने बोल्टला हात न लावता तीन गोळ्या लागोपाठ झाडल्या, तर ती चूक बेलाशक पकडावी. मुलांना हा खेळ फार आवडतो.

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ सालचा. लडाखमध्ये चिन्यांशी झालेल्या लढाईवर बेतलेला. त्यातल्या जवानांच्या हाती ही थ्री-नॉट-थ्री आहे आणि तिथे ती असणे सोळा आणे खरे आहे. १९६२ मध्ये भारतीय जवान दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या घडणीची ही रायफल घेऊनच हिमालयात उभा होता. समोर चिन्यांकडे स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित हत्यारे होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊंची चार्ली कंपनी लढली, तीही याच रायफलींनिशी. जागा १६ हजार फुटांहून उंच. हाडे गोठवणाऱ्या थंडीत बधिर बोटांनी प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा म्हणजे काय, हे सांगायला संवाद लागत नाही. शंभराहून अधिक जवान तिथे धारातीर्थी पडले. पुढच्या वर्षी शोधपथक वर पोहोचले, तेव्हा कित्येकांचे देह मोर्च्यातच सापडले, हातातली शस्त्रे तशीच.

या पराभवाने दिल्ली हादरली आणि ईशापूरही. घाईघाईने थ्री-नॉट-थ्रीच्या सांगाड्यावर ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल बेतली गेली. तिचे नाव टू-ए आणि सुधारल्यावर टू-ए-वन. ही बोल्टचीच, दिसायला आपल्या थोरल्या बहिणीसारखी. पण पोटाखालचे मॅगझीन अधिक चौकोनी आणि त्यात बारा गोळ्या. स्वातंत्र्यलढ्यावरच्या किंवा महायुद्धावरच्या चित्रपटात अशी चौकोनी पेटी दिसली, तर समजावे की बंदूक कथेच्या काळानंतर जन्मलेली आहे.

लोंगेवालाची एसएलआर

खरा बदल झाला तो एसएलआरने. बेल्जियमच्या एफएएल या गाजलेल्या रायफलीचा हा भारतीय अवतार, तोही ईशापूरचाच. प्रत्येक वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. बोल्टची कसरत संपली. लांबलचक नळी, लाकडी दस्ता, वर उचलायला मूठ आणि चापापुढे वीस गोळ्यांचे मॅगझीन, या तिच्या खुणा. लांबी हातभर नव्हे, चांगली एक मीटरहून अधिक. वजन चार किलोंहून अधिक. हिला खांद्यावर घेऊन पळताना नायक चपळ दिसत असेल, तर एक तर तो पहिलवान आहे किंवा बंदूक फायबरची आहे.

जे. पी. दत्ता यांच्या ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) हीच एसएलआर दिसते. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवाला ठाण्यावर २३ पंजाबचे सुमारे १२० जवान मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्यासह पाकिस्तानी रणगाड्यांपुढे ठाकले. तोवर पायदळाकडे बहुतांशी एसएलआर आली होती, म्हणजे चित्रपटाने इथे काळ बरोबर पकडला आहे. अर्थात रायफलीने रणगाडा फुटत नाही. लोंगेवाला तगले ते रणगाडाभेदी तोफा, सुरुंगांची धास्ती आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांमुळे. पडद्यावरच्या आरडाओरड्यात हे श्रेय थोडे इकडेतिकडे होते, पण ते असो.

शत्रूकडेही पाहावे. १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याकडे जर्मन घडणीची जी-३ आणि चिनी टाइप ५६ होती. एखाद्या चित्रपटात पाकिस्तानी शिपाई एसएलआर घेऊन धावू लागला, तर ती निर्मात्याने मिळेल ती बंदूक वाटून दिल्याची खूण समजावी.

दिसणाऱ्या गोळ्या

तिसरी बंदूक इन्सास. हिचा आराखडा झाला तो पुण्यात, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत (एआरडीई). म्हणजे माहेर ईशापूर असले तरी आजोळ महाराष्ट्रात! गोळी लहान, ५.५६ मिलिमीटरची. लाकडाऐवजी प्लास्टिकसारखा दस्ता. हिची सर्वांत सोपी खूण म्हणजे बाकदार, अर्धपारदर्शक मॅगझीन. आतल्या गोळ्या बाहेरून दिसतात. १९९९ च्या कारगिल युद्धात जवानांकडे ही होती आणि जोडीला एके-४७. ‘एलओसी कारगिल’ (२००३) किंवा ‘शेरशाह’ (२०२१) पाहताना या दोघी वेगळ्या करणे हा चांगला अभ्यास आहे. एके-४७ चे मॅगझीन बाकदारच, पण त्याच्या आतले दिसत नाही. कारगिलच्या थंडीत इन्सासची मॅगझीन तडकत, बंदूक अडकत असे, अशा तक्रारी जवानांनी केल्या. युद्धपटांत नायकाची बंदूक मात्र फारशी अडकत नाही.

चित्रीकरणात झाडल्या जातात त्या शिसे नसलेल्या काडतुसांनी. आवाज होतो, जाळ निघतो, गोळी सुटत नाही. पण गोळीच नसल्याने नळीत पुरेसा दाब साठत नाही आणि एसएलआरसारखी बंदूक पुढचे काडतूस स्वतः चढवू शकत नाही. म्हणून नळीत किंवा तिच्या तोंडाशी अडसर बसवावा लागतो. थ्री-नॉट-थ्रीला ही अडचण नाही, कारण तिचा बोल्ट हातानेच ओढायचा असतो. मागे पळणाऱ्या गर्दीच्या हाती बहुधा लाकडी किंवा रबरी नकला असतात. उंचावरून पडताना बंदुकीचा दस्ता वाकलेला दिसला, तर दचकू नये.

कुठे एखादी जुनी रायफल जवळून पाहायला मिळाली, तर बोल्टच्या मुठीखालचा धातू पाहावा. ईशापूरच्या जुन्या रायफलींवर तिथे मुकुट आणि इंग्रज राजाची आद्याक्षरे कोरलेली असतात. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर अशोकस्तंभाचे सिंह, ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे आणि साल.

थ्री-नॉट-थ्रीची कहाणी मात्र १९६२ मध्ये संपली नाही. लष्कराने ती हळूहळू खाली ठेवली आणि पोलिसांनी उचलली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले, तेव्हा खांबाआडून त्यांना तोंड देणाऱ्या पोलिसांपैकी काहींच्या हाती हीच बोल्टची रायफल होती, काहींच्या हाती नुसती काठी. ५० हून अधिक माणसे त्या स्थानकात मारली गेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची एके-४७ धरून ठेवली ती रिकाम्या हातांनी. त्या रात्रीवर पुढे चित्रपट निघाले. ते पाहताना पोलिसांच्या हातातले चपटे नाक ज्याला ओळखता येते, त्याला रेझांग ला आणि मुंबई यांच्यामध्ये ४६ वर्षे गेली आहेत हेही कळते.

त्यानंतर पोलिसांची शस्त्रे बदलू लागली, पण सावकाश. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात. लष्करातही इन्सासच्या जागी अमेरिकी सिग-७१६ आणि अमेठीजवळ कोरवा येथे बनणारी एके-२०३ येऊ लागली. ईशापूरचा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून कानपूरला मुख्यालय असलेल्या नव्या सरकारी कंपनीकडे गेला.