गोळी, दारू आणि मात्रा

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज अमेरिकेंत नांदत आहेत. तेथें एखादा सभ्य गृहस्थ सुटीच्या दिवशीं मेजावर तराजू मांडून आपल्या रिव्हॉल्व्हरचीं काडतुसें स्वहस्तें भरीत बसतो, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. परंतु नेमबाजांचा हा जुना छंद आहे. पितळेची पुंगळी एकदां बार उडाल्यानें वाया जात नाहीं. तिला नवी टोपी, दारू आणि गोळी दिली कीं ती पुनः कामास येते. खर्च वांचतो, आणि आपल्या हत्यारास मानवेल असें काडतूस सिद्ध करतां येतें. या विषयाशीं आमच्यासारख्या वृद्ध शिक्षकाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध एवढाच कीं, अर्धवट विद्येनें अनर्थ कसा होतो, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा मिळणें कठीण.

प्रथम माप पाहूं. या कामीं गोळी व दारू दोन्हीं ग्रेनमध्यें तोलतात. इंग्रजी अमलांत आपला तोळा 180 ग्रेनांचा ठरला होता. म्हणजे मासा 15 ग्रेनांचा, आणि गुंज दोन ग्रेनांहून किंचित् कमी. ‘.38 स्पेशल’ या प्रसिद्ध काडतुसाची नेहमींची गोळी 158 ग्रेन, म्हणजे सुमारें साडेदहा मासे भरते. तिला ढकलणारी दारू मात्र अवघ्या कांहीं गुंजा असते. सोनाराचें लक्ष येथें हवें, तें यामुळेंच.

आतां गोळीची निवड. नांव ‘.38’ असलें तरी या गोळीचा खरा व्यास इंचाच्या .357 ते .358 इतकाच असतो. जुन्या रचनेंत गोळी पुंगळीच्या बाहेरील व्यासाएवढी असे. पुढें रचना बदलली, नांव तेवढें रूढ राहिलें. नांवावर विसंबून गोळी घेणारा येथेंच फसतो. निव्वळ शिसें मऊ. वेग वाढला कीं तें नळींत चिकटतें. म्हणून त्यांत कथील व अँटिमनी मिसळून तें कठीण करतात, आणि अधिक वेगासाठीं तांब्याचें आवरण देतात. कागदी लक्ष्यावर नेम धरणारे सपाट तोंडाची गोळी पसंत करतात, कारण तिनें कागदास स्वच्छ वाटोळें भोंक पडतें.

दारूची गोष्ट अधिक नाजूक आहे. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू शतकानुशतकें चालली. 1884 सालीं पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली. ती थोडक्या वजनांत पुष्कळ जोर देते. ‘.38 स्पेशल’ची पुंगळी प्रथम काळ्या दारूसाठीं योजिलेली असल्यामुळें ऐसपैस आहे. बिनधुराची दारू तिच्या तळाशींच राहते. परिणाम असा कीं, भरणाराचें चित्त क्षणभर विचलित होऊन दारू दोनदां पडली, तरी ती पुंगळींत सहज मावते आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. बार उडवितांच चक्र फुटून हाताचा वा डोळ्याचा नाश होऊं शकतो. दारू पडलीच नाहीं, तर केवळ टोपीच्या जोरानें गोळी नळींत अडकून बसते, आणि पुढचा बार नळीचा घात करतो. न्यून व अतिरेक, दोन्हीं सारखींच भयंकर.

यास्तव जाणते लोक शीघ्र जळणारी दारू हलक्या बारास व मंद जळणारी दारू जड, वेगवान बारास योजतात. लायमनसारख्या कंपन्यांच्या छापील कोष्टकांत गोळी व दारू यांची जी जोडी दिली असेल, तीच घेतात. आरंभ खालच्या मात्रेनें करतात. दारूचा एकच डबा मेजावर ठेवतात, आणि गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक पुंगळींत दिवा धरून पाहतात. गोळी जड झाली किंवा अधिक खोल बसली तरी आंतील दाब वाढतो. म्हणून एक अंग बदललें कीं सारें गणित नव्यानें मांडावें लागतें. 1935 सालीं ‘.357 मॅग्नम’ काडतूस निघालें, तेव्हां त्याची पुंगळी इंचाच्या सुमारें आठव्या भागानें मुद्दाम लांब केली, ती तें जोरदार काडतूस जुन्या, अशक्त रिव्हॉल्व्हरांत शिरूं नये म्हणून. अशा दूरदृष्टीनें किती हात वांचले असतील, याचा हिशेब कोणीं ठेवावा?

आपल्या देशांत 1959 च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा अपराध आहे, हें कोणींही विसरूं नये. परदेशीं असलेल्या आपल्या मुलानें हा छंद धरल्याचें कळलें, तर आईबापांनीं घाबरून न जातां त्याला दोन प्रश्न विचारावे : कोष्टक कोणतें वापरतोस? आणि मेजाशीं बसलास म्हणजे बोलणें, ऐकणें, पाहुणे हें सारें बंद ठेवतोस ना? या दोहोंचें उत्तर नीट मिळालें, तर पुष्कळशी काळजी दूर झाली असें समजावें.