डेबियनची ढाळज

डेबियन या संगणकप्रणालीला मालक नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतल्यावाचून तिच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाची हकीगत नीट उलगडत नाही. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने, आपल्या डेब्रा या मैत्रिणीच्या आणि स्वतःच्या नावाची अक्षरे जुळवून, या प्रकल्पाची घोषणा केली. आणि तेव्हापासून जगभर विखुरलेले सुमारे हजारभर अधिकृत सभासद व त्यांच्याहून कितीतरी अधिक हौशी साहाय्यक, प्रकल्पाकडून वेतन न घेता व कोणाचा हुकूम न मानता, हा कारभार हाकीत आले आहेत. त्यांचा एक नेता असतो, पण तो दरवर्षी मतदानाने निवडला जातो, आणि त्याच्या हाती दंडशक्ती अशी कोणतीच नसते. १९९७ साली या मंडळींनी एक ‘सामाजिक करार’ मंजूर केला. सर्व काही मुक्त राहील, काही लपविले जाणार नाही, वापरणाऱ्यांचे हित अग्रस्थानी राहील, अशी त्यातली कलमे या संस्थेत सनदेच्या ठिकाणी आहेत. अशा घरात ‘दर्शनी पान उद्यापासून असे करा’ असे फर्मावणारा कोणी नसतो. तेथे एक ओळ खोडावयाची झाली तरी ती का खोडली याचा जबाब उघड्यावर द्यावा लागतो, आणि तो जबाब कायमचा दप्तरी राहतो.

यामुळेच की काय, या पानाचे आयुष्य मोठे संथ गेले. जुना साज सुमारे तेरा वर्षे टिकला. ६ फेब्रुवारी २०११ रोजी ‘स्क्वीझ’ नावाची सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली (आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील पात्रांची नावे देण्याचा येथे शिरस्ता आहे), त्याच दिवशी संकेतस्थळाने नवी वस्त्रे ल्याली. पण ती वस्त्रेच होती, अंतरंगाची मांडणी बव्हंशी पूर्वीचीच. पुढे मार्च २०१९ मध्ये संकेतस्थळ सांभाळणारी मंडळी काही दिवस एकत्र बसली, जुना मजकूर चाळून कालबाह्य तेवढा निकालात काढण्याचे आणि मुखपृष्ठ मुळापासून नव्याने रचण्याचे काम त्यांनी हाती घेतले, आणि १७ डिसेंबर २०२० रोजी नवे मुखपृष्ठ लोकांपुढे आले. एका पानाला पावणेदोन वर्षे! व्यापारी कंपनीत एवढ्या अवधीत तीन रचनाकार येऊन गेले असते. कामाला अपेक्षेहून अधिक काळ लागला आणि हे रूपही अखेरचे नव्हे, असे त्या मंडळींनी स्वतःच त्या दिवशी जाहीर केले. असा कबुलीजबाब सरकारी इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी ऐकावयास मिळता तर किती बरे झाले असते!

जुन्या पानाचा दोष कुरूपता हा नव्हता. ते पान घरच्या माणसांनी घरच्या माणसांसाठी लिहिलेले होते, हा त्याचा दोष. आमच्या मराठवाड्यातील जुन्या वाड्यांना ढाळज असते. पाहुणा आला की तो प्रथम तेथे टेकतो, पाणी पितो, आपण कोण व कशासाठी आलो ते सांगतो, आणि मगच कोणाला चौकात, कोणाला ओसरीवर आणि कोणाला माजघरात न्यावयाचे ते ठरते. डेबियनच्या जुन्या मुखपृष्ठाला ही ढाळजच नव्हती. आलेला माणूस थेट माजघरात पोहोचे, आणि तेथे त्याच्यापुढे सुरक्षा-सूचना, विकासकांचा कोपरा, दोषनोंदींची वही, दस्तऐवज, प्रतिबिंब-सर्व्हरांच्या याद्या असे सारे घरगुती सामान एकाच आकाराच्या अक्षरांत मांडलेले असे. प्रणाली उतरवून घेण्याचा दुवा कोपऱ्यात होता खरा. पण ‘नेटवर्क इन्स्टॉलर’ ही त्यावरची अक्षरे ज्याला कळत त्याला त्या दुव्याची गरज नसे, आणि ज्याला गरज असे त्याला ती अक्षरे कळत नसत.

नव्या पानाने मजकूर कमी केला आणि त्याचे दोन विभाग पाडले. एकात समुदाय: ही माणसे कोण, त्यांचे तत्त्वज्ञान काय, आपणांस सामील व्हावयाचे असेल तर वाट कोणती. दुसऱ्यात संगणकप्रणाली: उतरवून घ्या, हीच का निवडावी ते वाचा, अडल्यास साहाय्य मागा. डाउनलोडचे बटण डोळ्यांत भरेल असे केले, बातम्या खाली थोडक्यात आणल्या, आणि उरलेले सामान आतल्या पानांवर नेले. डेबियन म्हणजे प्रथम माणसांचा समुदाय आणि मग त्यांनी घडविलेली वस्तू, हा क्रम मात्र मला पूर्णपणे पटलेला नाही. जुना लॅपटॉप जिवंत करावयास निघालेल्या मुलाला शे-दोनशे अनोळखी माणसांच्या समूहचित्राचे काय कौतुक? तथापि बिनपगारी संस्थेला उद्याचे कामकरी याच दाराने मिळावयाचे असतात, आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोही पाहुणा होता, हे मान्य करावे लागते.

या पानाची खरी कारागिरी त्याच्या रूपात नसून बांधणीत आहे. वाचक आला म्हणजे त्याच्यासाठी हे पान जुळविले जात नाही. दिवसातून अनेक वेळा मूळ मसुद्यांवरून सारी पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात, आणि सर्व्हर मागणाऱ्याच्या हाती त्यांतील एक देऊन मोकळा होतो. एकेका पानाच्या निरनिराळ्या भाषांतील प्रती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. आपला ब्राउझर ‘माझ्या मालकाला अमुक भाषा चालते’ असे विनंतीबरोबर मुकाट्याने कळवीत असतो, आणि त्यावरून त्या भाषेची प्रत, असल्यास, आपोआप पुढे येते. प्रत्येक तर्जुम्याच्या शिरोभागी तो मूळ मसुद्याच्या कोणत्या फेरफारापर्यंत रुजुवात केलेला आहे, याची नोंद असते. मूळ पुढे सरकले आणि तर्जुमा मागे राहिला, तर वाचकाला तशी सूचना दिसते. आता मुखपृष्ठच नव्याने लिहिणे म्हणजे काय अनर्थ, ते पाहा: एका रात्रीत प्रत्येक भाषेतील प्रत शिळी होते, आणि तितक्या भाषांतील स्वयंसेवकांना न मागता काम मिळते. मजकूर आखूड ठेवण्याचा एवढा आग्रह का, याचे एक उत्तर येथे सापडते. प्रत्येक अनावश्यक वाक्याचा भार ते वाक्य न लिहिणाऱ्यांच्या खांद्यावर पडतो.

या बांधणीचा प्रत्यय मला नेकनुरात आला. नेकनूर हे मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटच्या पठारावरचे बीड तालुक्यातील गाव. येथे आठवडी बाजाराच्या दिवशी माणसांची आणि मोबाइलांची सारखीच दाटी होते, आणि दुपारी तर इंटरनेटची चाल बैलगाडीच्या चाकोरीवर येते. अशा एका दुपारी मी हे पान फोनवर उघडून पाहिले. आधी अक्षरे आली, ती वाचता येऊ लागली, बटण दाबता येऊ लागले, आणि त्यानंतर सावकाश चित्रे उतरली. शेजारीच उघडलेल्या एका बड्या दुकानाच्या पानावर तोवर पांढऱ्या पडद्यावर एक वर्तुळ फिरत होते. ज्या पानाला आपले म्हणणे सांगण्यासाठी चित्रांची वा धावत्या आज्ञावलींची वाट पाहावी लागत नाही, ते पान मुंबईत शोभिवंत ठरो वा न ठरो, नेकनुरात उपयोगी ठरते. आणि माझ्या मते मुखपृष्ठाची परीक्षा नेकनुरातच घेतली पाहिजे.

पण बटण दाबल्यावर पुढे काय? येथे या हकीगतीचा सर्वांत रंजक भाग येतो. बऱ्याच लॅपटॉपांतील वायफायच्या चिपला, यंत्र सुरू होताच, तिच्या उत्पादकाने दिलेली एक छोटी आज्ञावली भरवावी लागते. हिला फर्मवेअर म्हणतात. तिचा मूळ मसुदा उत्पादक उघड करीत नाहीत. म्हणून डेबियनच्या सनदेनुसार ती ‘मुक्त’ नव्हे, आणि म्हणूनच अधिकृत प्रतीत तिला मज्जाव होता. परिणाम असा की, नव्या पानावरचे ठळक बटण दाबून जी लहान प्रत हाती येई ती उरलेला पसारा नेटवर्कवरून आणावयास निघे, नेटवर्कला वायफाय लागे, वायफायला फर्मवेअर लागे, आणि फर्मवेअर आणावयाचे ते नेटवर्कवरूनच! इन्स्टॉलर सभ्यपणे सांगे की अमुक नावाची फाइल सापडत नाही, ती पेनड्राइव्हवर घालून जोडावी. फर्मवेअरसह तयार केलेली दुसरी प्रत वस्तुतः अस्तित्वात होती; परंतु ती ‘अनधिकृत’ म्हणून आडबाजूला ठेवलेली असे, आणि माहीतगारालाच सापडे. नवागतासाठी दार रुंद केले, पण उंबरठा होता तसाच राहिला.

हा उंबरठा काढणे कोणा रचनाकाराच्या अखत्यारात नव्हते. तो सनदेचा प्रश्न होता, आणि सनदेत बदल करावयाचा तर तीनास एक असे मताधिक्य लागते. २०२२ साली स्टीव्ह मॅकिंटायर या जुन्या सभासदाने हा विषय उघडपणे पुढे आणला, त्यावर महिनोन्महिने वादविवाद झाला, एकामागून एक असे पर्यायी ठराव आले, आणि सभासदांनी त्यांना पसंतीक्रम देऊन मते दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल लागला: सामाजिक कराराच्या पाचव्या कलमात भर घालून, यंत्र चालण्यास आवश्यक असे फर्मवेअर अधिकृत प्रतीत समाविष्ट करण्यास मंजुरी मिळाली, आणि यापुढे प्रत एकच राहील असे ठरले. १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘बुकवर्म’ या बाराव्या आवृत्तीपासून तो निर्णय अमलात आला. तत्त्वनिष्ठांना हा पराभव वाटला असणार, आणि त्यांचे दुःख खोटे म्हणता येत नाही. पण जी शुद्धता पाहुण्याला दारातच अडकवून ठेवते, ती जपून कोणाचे स्वातंत्र्य वाढत होते, हे मला त्या साऱ्या वादात कोठेच दिसले नाही.

मराठीचे या घरातील स्थान नव्या मुखपृष्ठाहून आधीचे आणि अधिक खोलचे आहे. २००७ च्या ‘एच’ या आवृत्तीत चित्रमय इन्स्टॉलर आला, तेव्हा कुठे आपल्या लिपीला वाट मिळाली. कारण अक्षरांच्या ठराविक चौकटींत बसणाऱ्या जुन्या पडद्यावर जोडाक्षरे व वेलांट्या धड उमटणे शक्य नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘लेनी’ आवृत्तीबरोबर प्रस्थापनेच्या भाषांत मराठी दाखल झाली. आज नेकनूरचा विद्यार्थी भाषांच्या यादीत ‘मराठी’ निवडून देशाची निवड, कळफलक, डिस्कची वाटणी येथपर्यंतचे प्रश्न आपल्या लिपीत वाचू शकतो. मुखपृष्ठाच्या तळाशी असलेल्या भाषांच्या यादीत मात्र, मी पाहिले तेव्हा, मराठी नव्हती. मसुदा आखूड आहे, त्याचा मूळ पाठ कोणालाही उतरवून घेता येतो, आणि भाषांतरकार म्हणून नाव नोंदविण्यास शुल्कही नाही नि शिफारसपत्रही नाही; काम मंडळींनी अर्धे करूनच ठेवले आहे.